भरिताला लावलेलं घड्याळ

माझ्या सख्ख्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी मोबाईलमधल्या घड्याळाने जवळजवळ मोडलं होतं. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण माझ्याविषयी सांगण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हेच सांगितलं जातं.

तेव्हा मी जळगावच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. आमचे प्रोग्राम वेळेवर होत नसत, आणि झालेच तर चालत नसत. म्हणून मालकांनी आम्हाला शिकवायला पुण्याहून एक सर बोलावले. सर सांगायचे, “कामाआधी किती वेळ लागेल याचा अंदाज बांधा. मग प्रत्येक टप्प्याला लागलेला खरा वेळ लिहा. कुणी मध्ये व्यत्यय आणला, तर तोही लिहा. चूक सापडली की ती कुठल्या टप्प्यात शिरली ते शोधा. पुढचं काम सुधारलंच म्हणून समजा!” मला हे इतकं पटलं की मी दात घासण्याचेही टप्पे पाडले. (सर्वांत जास्त चुका ब्रशवर पेस्ट लावताना निघाल्या.)

अशा भारावलेल्या अवस्थेत मी शनिवारी धुळ्याला, देवपूरच्या घरी पोचलो. सोबत जळगावची भरिताची वांगी, चांगलं पोतंभर. माझ्या धाकट्या बहिणीला, माधुरीला, साक्रीकडचा नीलेश बघून गेला होता. दोघं एकमेकांना पसंत होते. फक्त नीलेशच्या आईने अजून तोंडातून होकार काढला नव्हता. मग वडिलांनी, म्हणजे आमच्या नानांनी, थंडीचं निमित्त साधून त्या मंडळींना शेतात भरीत खायला बोलावलं.

“भरीत खाऊन कशी नाही म्हणते, तेच बघतो!” नाना म्हणाले.

माधुरीने मला बाजूला ओढलं. “दादा, मला हाच मुलगा हवाय. उद्या तू काही करू नकोस.”

“अगं, काळजीच सोड! उद्या सगळं मोजूनमापून करू.”

तिचा चेहरा तेव्हाच उतरला होता. मला तो आनंद वाटला.

रविवारी शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे दोन जाळ पेटले. एकापाशी नाना, दुसऱ्यापाशी त्यांचे थोरले भाऊ, आमचे आबा. माझ्या लहानपणी प्रत्येक हिवाळ्यात हे दोघे असेच बसायचे. डोळ्यांत धूर, हातात लांब काडी, मधूनच एखादं वांगं परतायचं आणि पुन्हा गप्पा. त्या धुराचा वास स्वेटरला लागायचा, आणि आम्ही पोरं आईला तो स्वेटर धुऊ द्यायचो नाही. इतक्या सुंदर ठिकाणी मी घड्याळ घेऊन जाऊन उभा राहिलो!

“आबा, नानांचं वांगं तुमच्या आधी भाजून झालं.”

आबांनी मान वर केली. “कोन म्हनस?”

“घड्याळ.”

झालं! आबांनी काड्यांचा अख्खा भारा जाळात लोटला. ते बघून नानांनी दोन लोटले. ज्वाळा अशा उठल्या की बांधावरच्या लिंबावरचे बगळे गाव सोडून गेले. वांगी बाहेरून कोळसा, आणि आतून जशी काही आत्ताच झाडावरून तोडलेली! पण दोघांनी वेळ मात्र विक्रमी नोंदवला. मी टाळ्या वाजवल्या.

पुढचा टप्पा अक्काचा. अक्का म्हणजे आमची आत्या. सगळ्या भाऊबंदांत भरीत करावं तर तिनेच. ती बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, वांगी, मिरच्या आणि लसूण ठेचत होती.

“अक्का, मीठ टाकायला सुरुवात झाली?”

“हा, टाकी ऱ्हायनू.”

“संपलं?”

“काय संपनं?”

“मीठ टाकणं.”

अक्काचा हात थांबला. “टाकं का मी? तू बोलस आनि मी भुली जास!” तिने मूठभर मीठ टाकलं.

“हे दुसऱ्यांदा धरायचं का?”

“माले काय माहीत? तुनं घड्याळले इचार!” आणि वैतागून तिने आणखी एक मूठ टाकली.

आई चुलीपाशी पुऱ्या तळत होती. न फुगलेली पुरी म्हणजे चूक, असं मी तिला समजावून सांगितलं. माउलीने न फुगलेली प्रत्येक पुरी पुन्हा तेलात सोडली. ती फुगेपर्यंत! एकही फुगली नाही. सगळ्यांचे पापड झाले.

पाहुणे आले, पंगत बसली. नीलेशच्या वडिलांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. तृप्ती, असं मला वाटलं. मग त्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. नीलेशच्या तोंडातून काकडी खाल्ल्यासारखा आवाज आला. त्याच्या आईने पाणी मागितलं, प्यायलं, आणि पुन्हा मागितलं.

माधुरीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जाळापेक्षा जास्त जाळ होता.

“आमच्या या इंजिनियरचं ट्रेनिंग चालू आहे ना!” नाना उसळले. “सकाळपासून प्रत्येकाच्या मागे घड्याळ घेऊन फिरतोय!”

“म्हणजे टप्प्याटप्प्याचा वेळ लिहायचं ट्रेनिंग?” नीलेशने विचारलं. “ते आमच्या कंपनीतही झालंय.”

मी खुललो. अखेर एक जाणकार माणूस भेटला!

“पण दादा,” तो अदबीने म्हणाला, “त्यात आपलं स्वतःचं काम मोजायचं असतं. दुसऱ्याचं मोजायला गेलं की माणूस काम सोडून घड्याळाकडे बघतो. तुम्ही आज कुठलं काम केलंत?”

मी मोबाईलमधल्या नोंदी वर-खाली करून पाहिल्या. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

“व्यत्यय!” माधुरी फणकाऱ्याने म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू फुटलं. नीलेश इतका हसला की त्याच्या हातातल्या पुरीचे कडकन दोन तुकडे झाले. सगळी पंगत हसली. फक्त त्याची आई हसली नाही. ती ताटावरून उठली.

माधुरीचं हसू जागच्या जागी विझलं.

त्या बाईंनी पदर खोचला. “अक्का, वांगा उरेल शेतस ना? चला, बिगर मीठना भाजूत आनि यामा मिसळी दिऊत.” मग माझ्याकडे बोट. “आनि या पोऱ्याले पह्यले गावमा धाडा. दही आनू द्या.”

मी भांडं घेऊन गेलो. परत आलो तेव्हा जाळ एकच होता, मंद निखाऱ्यांचा. नाना आणि आबा त्याच्यापाशी शेजारी शेजारी बसून, काही घाई नसल्यासारखे वांगी परतत होते. बडगीत एक हात अक्काचा आणि एक नीलेशच्या आईचा. माधुरी त्यांच्यात बसून पात चिरत होती आणि लाजत होती. होकार झाला होता! तसं भरीत मी त्यानंतर खाल्लेलं नाही.

माझ्या जिभेला राहवेना. “किती वेळ लागला?”

“तू नव्हतास तेवढा,” माधुरी म्हणाली.

आता आबा नाहीत. देवपूरच्या घरी वांगी गॅसवर भाजतात, आणि स्वेटरला कसलाच वास येत नाही. पण माधुरी अजूनही हिवाळ्यात एकदा आम्हा सगळ्यांना साक्रीकडच्या तिच्या शेतावर बोलावते. जाळ पेटला रे पेटला, की तिच्या सासूबाई माझ्या हातात भांडं ठेवतात. “भाऊ, जरा गावमा जाईसन दही लई या.”

मी निमूटपणे निघतो. गोठ्यात त्यांच्या चार दुभत्या म्हशी बांधलेल्या असतात. त्यांच्यासमोरून जाताना मी फक्त मान खाली घालतो.