किसनरावांनी फुगवलेला फुटबॉल

किसनरावांची आणि माझी ओळख एका फाटक्या फुटबॉलमुळे झाली, आणि त्या दिवशी मी त्यांना किसनराव म्हटलं नव्हतं. "अरे किसन्या, हे शिवता येते का तुले?" असं दुरूनच ओरडलो होतो. वयानं ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. आज या गौरवग्रंथात त्यांच्या नावामागे 'श्रीयुत' आणि पुढे 'राव' लावताना आम्हा वाशीमकरांचा हात जराही अडखळत नाही, याचं मला नवल वाटतं.

ते तेव्हा मोटेचं कातडं शिवत बसले होते. फुटबॉल त्यांनी जन्मात हातात धरला नव्हता. तरी त्यांनी तो उसवला, एकेक तुकडा जमिनीवर मांडला आणि तिसऱ्या दिवशी असा शिवून दिला, की विलायती चेंडूनं मान खाली घालावी. दिला म्हणजे जमिनीवर ठेवून ते चार पावलं मागं सरले. मी त्यावर पाणी शिंपडलं आणि उचलला. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. निदान मला वाटलं नाही.

नव्या वाचकांसाठी सांगतो. त्या साली वऱ्हाडातल्या आठ गावांची फुटबॉल लीग सुरू झाली होती. प्रत्येक संघानं दुसऱ्याशी दोनदा खेळायचं, आणि शेवटी ज्याचे गुण जास्त त्याची ढाल. आमचा संघ इथल्या जिनिंगच्या शेटजींनी पोसला होता. आम्ही अकरा जण कागदावर कारखान्याचे नोकर, पण काम एकच, फुटबॉल. मी कप्तान. किसनराव संघाचे चेंडू सांभाळत.

हंगामाच्या मध्यावर हवा भरायचा पंप मोडला. तेव्हाच्या चेंडूत रबरी फुगा असे. तो फुगवून त्याचं तोंड दोऱ्यानं आवळून बांधायचं, आत दडपायचं आणि वरून चामड्याची वादी ओवायची. किसनराव म्हणाले, "कप्तान, पंपाची वाट कायले पाहता? माह्या छातीत दम हाय." त्यांनी फुगा तोंडाला लावला. चार-पाच दमांत चेंडू दगडासारखा टणक. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मी म्हटलं, "कोनाले सांगू नको."

त्या हवेवर आम्ही ओळीनं सहा सामने जिंकलो. रेल्वेनं परगावी जायचो, जिंकून यायचो, स्टेशनावर हार पडायचे. किसनराव फलाटाच्या पार टोकाला चेंडूंची पिशवी सांभाळत उभे असायचे. हार त्यांच्यापर्यंत कधी पोचला नाही.

चेंडू बांधून झाला, की तो नीट उसळतो की नाही हे पाहायला ते एक लाथ मारत. एका सकाळी मालेगाव रस्त्यावरच्या मैदानात मी ती लाथ पाहिली. डावा पाय, अनवाणी, अर्ध्या मैदानातून थेट गोलाच्या खांबावर. मी म्हटलं, चुकून लागला. त्यांनी पुन्हा मारला, पुन्हा खांबावर. मग तिसऱ्यांदा. "कुठं शिकलास बाबा?" तर म्हणाले, "तुमी खेळता ते रोज पाहून राह्यलो ना. एक डाव मले बी घ्या, कप्तान. एकच."

आमचा लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेनं खेळणारा, आसेगावचा. शेवटच्या सामन्याआधी आठ दिवस त्याचा घोटा मोडला. सामना अकोल्याशी, आमच्याच मैदानावर, आणि जो जिंकेल त्याची ढाल. मी किसनरावांना शब्द दिला, "रविवारी तू खेळशील." त्यांच्या घरच्यांनी हळदीच्या पाण्यात बुडवून बंडी पिवळी केली, कारण आमच्या संघाचा रंग पिवळा होता. एवढी पिवळीजर्द बंडी आमच्या अकरा जणांत एकाचीही नव्हती.

रविवारी ते ती बंडी घालून मैदानाच्या कडेला बसले आणि सामन्याचा चेंडू फुगवू लागले. लपायचं त्यांना सुचलंच नाही. आता आपण संघातले, मग लपायचं कशाला? नेमकं ते जिनिंगच्या मुनीमानं पाहिलं. झालं! आमचा गोलकीपर तापला. "हा उष्टा चेंडू मी छातीशी धरू? आंघोळीला पाणी कोण देणार?" मुनीम माझ्याकडे वळला, "कप्तान, तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हणालो, "नाही."

"आणि ह्याला बंडी घालून कुणी बोलावलं?"

किसनराव माझ्याकडे पाहत होते. रागानं नव्हे. मी काहीतरी बोलेन म्हणून पाहत होते. मी म्हणालो, "मले काय माहीत?"

आमचा हाफबॅक करीमभाई तेवढा बोलला. "अबे, सहा मॅच याच हवेवर जिंकलो ना? हवेले का जात असते? काहून नाटकं करून राह्यले?" त्याला गप्प बसवलं. किसनरावांनी बंडी तिथंच काढली, घडी केली, काखेत घातली आणि उघड्या अंगानं मैदानाबाहेर गेले. मी हाक मारली नाही.

फुग्यातली हवा सोडली, त्यावर पाणी शिंपडलं. मग गोलकीपरनंच तो फुगवला आणि मुनीमानं बांधला. गाठ कशी मारायची हे दोघांनाही येत नव्हतं. उत्तरार्धात आम्ही एका गोलनं पुढं असताना चेंडू भाकरीसारखा चपटा झाला. पिशवीतले बाकीचे चेंडू रिकामे, आणि ते फुगवून बांधणारा निघून गेलेला. चेंडू आम्ही पुरवला होता, म्हणून रेफरीनं नियमाप्रमाणे सामना पाहुण्यांना दिला. ढाल अकोल्याला गेली.

आणि गावानं दोष कुणाला दिला? किसनरावांना! म्हणे त्यानं मुद्दाम शिवण कच्ची ठेवली. तो चेंडू आजही माझ्या घरी आहे, शिवणीचा एक टाका हललेला नाही. पण वर्षभर त्यांच्याकडे कुणी मोट दिली नाही, जोडा दिला नाही. पोटासाठी ते रिसोडला जाऊन बसले. मला खरं ठाऊक होतं, आणि मी दुसऱ्यांदा तोंड शिवून घेतलं. थू माझ्या कप्तानकीवर!

रिसोडला त्यांनी फुटबॉलच शिवायला घेतले. आज वऱ्हाडातल्या किती शाळांची पोरं त्यांचे चेंडू खेळतात, हे इतर लेखांत आलं आहेच. मी पाहिलेलं एवढंच सांगतो: एक टाका वाकडा गेला तर ते सगळा चेंडू उसवतात. कुणी म्हटलं, "चालते ना किसनराव", तर म्हणतात, "मांगं एकदा माह्या शिवणीवर बोल आला होता. आता येऊ देत नाई."

माझ्या धाकट्या मुलीचा पाय तापात वाकडा झाला, तेव्हा त्या पायाला साजेसा जोडा करील असा माणूस वऱ्हाडात एकच होता. कुठल्या तोंडानं जाऊ? मी गेलो नाही. ते करीमभाईकडून ऐकून आपणच आले. मी म्हटलं, "आत या." म्हणाले, "आत यायची सवय नाई, कप्तान. पोरीले बाहेर पाठवा." अंगणात बसून त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि तिला हसवत हसवत माप घेतलं. पुढं तिचा पाय वाढत गेला तसा दर दिवाळीला नवा जोडा आला. ती सासरी गेली ती स्वतःच्या पायानं चालत. त्या रविवारचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

संपादकांनी मला "गोड चार ओळी" मागितल्या होत्या. त्या माझ्याकडे नाहीत. मागल्या आठवड्यात मी रिसोडला जाऊन किसनरावांना समारंभाचा बेत सांगितला: शाल, श्रीफळ, मुलांचा सामना. त्यांनी विचारलं, "सामन्यात मी कुठं?" मी म्हटलं, "तुम्ही खुर्चीवर, मधोमध." ते आरीला मेण लावत म्हणाले, "तवा माह्याजवळ पाय होते. आता शाल देऊन राह्यले."

मग मी मनातलं बोललो. त्या दिवशी सगळ्या गावासमोर चेंडू तुम्ही तोंडानं फुगवा, आणि त्याच फुग्याचं तोंड मी माझ्या दातांत धरून बांधतो. ते हसले. "पंप हाय ना आता, कप्तान. कायले तोंड लावता?" आणि खाली मान घालून टाका घालू लागले. मागं खुंटीवर एक बंडी टांगलेली होती. हळद पार उडाली होती.

किसनराव साठ वर्षांचे झाले. त्यांचे डोळे, बोटं आणि छातीतला दम शाबूत राहो. मला माफ करायला त्यांना जेवढी वर्षं लागतील, तेवढी त्यांना मिळोत. आणि माफ करायचंच नसेल, तर त्याहून दहा जास्त मिळोत.