ढिला पडलेला दोर

इंग्लंडात, मेडनहेडला सकाळी समीरने गाडीच्या गोठलेल्या काचेवर बर्फ वितळवणारा डीआयसर मारला आणि स्पिरिटच्या त्या उग्र वासाने मी अंटार्क्टिकातल्या खिंडीत जाऊन पोचले.

तेव्हा आमचं नवीन लग्न, दोघंही संशोधन तळावर. स्टोव्हच्या स्पिरिटचा हाच वास तिथे कपड्यांनाही असायचा. उडत्या बर्फात पुढचा समीर दिसतच नव्हता. दोघांच्या कमरेला बांधलेला ताठ दोर, तेवढाच भरवसा. अचानक तो ढिला पडला. हाका मारत, धडपडत मी पुढे गेले, तर हा हात जोडून उभा!

“अगं, घाटातल्या देवाला नमस्कार न करताच खिंड ओलांडायची?”

“इथे कसला डोंबलाचा देव?” मी रडत ओरडले होते.

आज निसरड्या रस्त्याने तो बेसिंगस्टोकला गेलाय. पोचल्याचा मेसेज अजून नाही. मी खिडकीशी हात जोडून उभी आहे. कुठल्या देवाला, ते विचारू नका.