पंचविसावी वायर

राजेंद्र नगरात द्वारकाबाईंना एखादी गोष्ट कळली, की कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत ती चार गल्ल्यांत पोचते. गेल्या मार्चमधली गोष्ट अशी, की धम्मदीना मॅडमने सुटायच्या बेतात असलेला ट्रक अडवला, तो निव्वळ जळफळाटापोटी. कारण ट्रकात यशवर्धनचं, म्हणजे द्वारकाबाईंच्या लाडक्या लेकाचं, पहिलं पॅनल होतं. "पोराचं नाव होतंय, बघवलं नाही हो तिला," असं त्या गॅलरीतून सांगत, आणि वर "आपल्याला काय करायचंय" हेही न विसरता जोडत.

धम्मदीनाबाई इलेक्ट्रिकल, कंट्रोल आणि इन्स्ट्रुमेंटेशन अशा मालगाडीएवढ्या नावाच्या टीमच्या प्रमुख. इंदूरबाहेरच्या एका कारखान्यात त्यांची एकोणीस माणसं अणुवीज केंद्रांसाठी कंट्रोल पॅनल बनवतात. लोखंडी कपाटासारखं दिसणारं हे पॅनल अणुभट्टी थंड ठेवणारा पंप चालू आहे की बंद, हे सांगतं. काम एवढंच, पण चुकून चालत नाही. शेजारच्या इंदिराबाईंना मात्र हा सगळा बॉम्बचा मामला वाटतो. धम्मदीनाबाईंनी दिलेलं लोणचं त्या आधी नवऱ्याला चाखायला लावतात.

बाईंचे आजोबा कचरू महूला फौजेत होते. शस्त्रं ठेवायच्या खोलीला फौजी लोक 'कोत' म्हणतात. संध्याकाळी कोतीत एक रायफल कमी भरली, की अख्खी पलटण उपाशी. बाईंनी तोच कायदा कारखान्यात आणला. पॅनल तपासायचं तर त्याच्याशी थोडं खोटं बोलावं लागतं. पंप तर तिथे नसतोच. मग दोन टोकं तात्पुरत्या लाल वायरने जोडायची, म्हणजे पॅनलला पंप चालू आहे असं वाटतं. तपासणी झाली की वायर काढायची. अशा नंबर घातलेल्या चोवीस वायरी आणि भिंतीवर चोवीस खुंट्या. शेवटची खुंटी भरेपर्यंत कुणी डबा उघडायचा नाही. टीम त्या भिंतीला 'कोत' म्हणे, आणि बाईंना, त्या नसताना, 'सुभेदार'.

त्या शनिवारी सकाळी सीलबंद पॅनल ट्रकवर चढलं. चोवीसच्या चोवीस खुंट्या भरलेल्या. यशवर्धनने दोनदा मोजून सही केलेली. नारळ फुटला, पोहे आले. बाईही खुशीत होत्या. सोमवारी त्यांची मुख्यालयात मुलाखत होती, कारखान्याच्या सरव्यवस्थापकपदासाठी. चार वर्षं वाट पाहिलेली. यजमानांनी, म्हणजे अशोकरावांनी, साडी इस्त्री करून ठेवली होती.

"मॅडम, बस आपका साइन, की गाडी सुटली," यशवर्धन कागद घेऊन आला.

बाईंनी पर्समधून चष्म्याची डबी काढली. ती हातातच उघडली आणि चष्मा पडला थेट पोह्यांत.

"चष्मा भी भुक्खड निकला, मॅडम!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

त्या डबीचा खटका दोन वर्षांपूर्वीच तुटला होता. तेव्हापासून बाई तसल्याच लाल वायरचा एक तुकडा गुंडाळून ती बंद ठेवत. तो तुकडा आता नव्हता. गुरुवारी तपासणीच्या वेळी ग्राहकाचे साहेब घड्याळ बघत डोक्यावर उभे होते, चोवीसही वायरी गुंतलेल्या, एक कमी पडली आणि बाईंचा हात पर्सकडे गेला होता.

"गाडी थांबवा," त्या म्हणाल्या.

यशवर्धनला बाजूला घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. त्याच्या जिवात जीव आला. "अरे यार मॅडम, इतनीसी बात! मी दोन मिनिटांत काढतो, नवं सील लावतो. किसको पता चलेगा? सोमवारी तुमचा इंटरव्ह्यू आहे ना!"

ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं. क्षणभर, नाही, चांगला मिनिटभर बाईंना ते पटलं.

"आणि पुढच्या वेळी तू विसरलास तर तूही असाच गुपचूप काढशील," त्या म्हणाल्या. "कोत भरलेली दिसेल, भिया, आणि एक रायफल बाहेर हिंडत असेल."

"पण चेकिंगवर सही माझी आहे, मॅडम. मी मरेन."

"म्हणून तर ही चूक कागदावर माझ्या नावाने जाणार."

पॅनल उतरवलं, सगळी तपासणी पहिल्यापासून झाली. त्यात नऊ दिवस गेले. पण दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी, मुख्यालयातून फोन आला, की सोमवारी यायची गरज नाही. अशोकरावांनी साडी कपाटात ठेवली. खुर्ची दुसऱ्याच गावच्या साहेबांना मिळाली.

ऑफिसातलं घरी बोलायचं नाही, ही टीमला बाईंचीच ताकीद. यशवर्धन घरी गप्प राहिला आणि रिकामी जागा आईने आपल्या अकलेने भरली. भाजीच्या गाडीपाशी द्वारकाबाईंनी एकदा विचारलंच, "काय हो, ट्रक अडवला म्हणे तुम्ही?"

"अडवला," म्हणत बाईंनी मेथीची जुडी उचलली.

डबीला आता रबर आहे आणि कारखान्यात खुंट्या पंचवीस.

ट्रक अडवला हे खरं. पॅनलमध्ये एक वायर राहिली होती. ती धम्मदीनाबाईंनी स्वतः लावली होती.