हुसेनभाईंची गाळलेली ओळ

हुसेनभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बांगड्यांना मसाला लावत होते. फोन त्यांच्या कंपनीच्या ड्रायव्हरचा. "आपा, हुसेनभाई खलास," एवढंच म्हणाला. मी हात धुतले, गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता त्यांच्या बहिणीला, झहराबीला कळवायचं कोणी... आणि उत्तरही लगेच सुचलं, की तूच. परवा त्यांचा चाळिसावा झाला. तिला ते पत्र लिहायला मला इतके दिवस लागले.

हुसेनभाई आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. इथे बहारीनच्या मीना सलमान बंदरावर मासे-मटणाचं शीतगोदाम आहे, तिथे नोकरी. बाहेर माणूस भाजून निघतोय आणि हे आपले लोकरीचा स्वेटर काखेत मारून कंपनीच्या बसला उभे. आमचे मिस्टर चिडवायचे, "अल्लाने पहाडी माणसाला बहारीनमध्येसुद्धा बर्फच दिला." हुसेनभाई स्कार्दूचे. मी दापोलीकडची, चार बुकं शिकलेली, मला कुठलं स्कार्दू माहीत असायला. एकदा मिस्टरांनी घरच्या कॅलेंडरवरचा भारताचा नकाशा दाखवून सांगितलं, "हे बघा, तुम्ही आमच्यात आहात." हुसेनभाई चष्मा लावून नीट बघून म्हणाले, "मग भाईसाब, तुमच्या साहेबांना सांगा, मत द्यायला बोलवा. ज्यांचा पासपोर्ट खिशात आहे, ते तर बोलवत नाहीत." थट्टा होती, पण खरं होतं. त्यांच्या मुलखाचा कारभार पाकिस्तानकडे, अंमलदार इस्लामाबादहून येणार, पण तिथल्या मोठ्या असेंब्लीत यांचा माणूस नाही. का, तर मुलूख वादातला. कोणी "काश्मिरी का?" विचारलं तर म्हणायचे, "नाही, बल्ती." आणि पुढे समजावत बसायचे नाहीत.

काश्मीरच्या महाराजाच्या वेळी लेह, कारगिल आणि स्कार्दू हा एकच जिल्हा होता म्हणे. कचेरी उन्हाळ्यात लेहला, थंडीत स्कार्दूला. त्यांचे वडील त्या कचेरीत शिपाई. दप्तरं तट्टांवर लादायची आणि साहेबाच्या मागून डोंगर ओलांडायचे, हीच नोकरी. जाता-येता ओळखी झाल्या आणि मोठ्या मुलीला, झहराला, कारगिलकडे दिली. मग देश फुटला, लढाई झाली आणि मधल्या वाटेवर फौजा बसल्या. चालत पाच-सहा दिवसांची वाट, पण त्यानंतर भावाने बहिणीला पाहिलं नाही. तेव्हा ते दहा वर्षांचे होते. मला सांगताना ते बहिणीबद्दल कमी आणि तट्टांबद्दल जास्त बोलायचे... कुठलं तट्टू चावरं, कुठलं पाण्याला भिणारं.

कुवेतची लढाई संपली त्या सुमारास ते एक लिफाफा घेऊन वर आले. पाकिस्तानी माणसाचं पत्र कारगिलला गेलं तर पोलीस बहिणीच्या दारात येतील, अशी भीती. म्हणून ठरलं की त्यांनी लिहायचं आणि मी माझ्या हाताने उतरवून माझ्या नावाने पाठवायचं. उत्तर मिस्टरांच्या पोस्टबॉक्सवर. मला कुराणशरीफ वाचता येई, पण उर्दू लिहायचा हात नव्हता. तो त्यांच्या पत्रांवरच बसला. "आपा, तुमच्या उर्दूला माशाचा वास येतो," म्हणायचे. मी म्हणायची, "तुमच्या पत्रांना तरी कुठे अत्तराचा येतो?" एक नियम त्यांनीच घातला होता, की स्कार्दूचं नाव कुठेही आलं तर गाळायचं. मी लाल पेन्सिल घेऊन बसायची. पत्र आलं की आधी लाल रेघा मारायच्या, मग उतरवायचं. मूळ कागद बिस्किटांच्या डब्यात.

आणि झहराबीला हजचा नंबर लागला. मुंबईहून विमान, आधी मदिना. हुसेनभाई इथून बसने जाणार होते. चव्वेचाळीस वर्षांनी भेट. त्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, "मदिनेत मी स्कार्दूच्या हाजींच्या इमारतीत उतरेन. रोज असरच्या नमाजनंतर तिच्या दाराशी उभा राहीन." मी सवयीने पहिल्या वाक्यावर रेघ मारली. पुढे 'तिच्या' कुणाच्या ते कळेना, म्हणून तेही काढलं. उरलं ते असं, की रोज असरनंतर दाराशी उभा राहीन. पत्र नीट चिकटवलं आणि टाकलं. मनात काहीसुद्धा आलं नाही.

आठ दिवस ते इमारतीच्या दाराशी उभे होते. आठ दिवस ती मशिदीच्या एका दाराशी. मशिदीला दारं किती... पुढे मक्केतही शोधलं, पण त्या गर्दीत चेहरा तरी कसा ओळखणार. ते परत आले तेव्हा मीच डबा उघडला आणि तो कागद पुढे ठेवला. त्यांनी लाल रेघेवरून बोट फिरवलं.  मग म्हणाले, "आपा, तुम्ही मी सांगितलं तेच केलंत."

"मी तिला लिहिते, चूक माझी होती म्हणून."

"नाही लिहायचं. कारण लिहायचं तर नाव लिहावं लागेल."

महिन्याने झहराबीचं पत्र आलं, गावच्या मास्तरच्या अक्षरात. "भावाला सांगा, म्हातारीचं दार चुकलं. माफ कर म्हणावं." मी वाचून दाखवलं. हुसेनभाईंनी चहा संपवला, कप स्वतः विसळला आणि स्वेटर काखेत मारून खाली गेले. पुढच्या पत्रात त्यांनी हवापाणी लिहिलं. पुढच्या सगळ्याच पत्रांत हवापाणी लिहिलं. मीही तेवढंच उतरवत गेले.

त्यांना इथेच, मनामाला दफन केलं. खोली रिकामी करताना ड्रायव्हरने विचारलं, स्वेटरचं काय करू. मी ठेवून घेतला. कोपरांवर झिजलाय, माशांचा वास जात नाही, दोनदा धुतला तरी. मला उर्दूवरून बोलायचे, आता कोण बोलणार.

परवा बिस्किटांचा डबा काढला आणि पत्र लिहायला बसले. लिहिलं की तुमचा भाऊ हुसेन, राहणार स्कार्दू, अल्लाला प्यारा झाला. नाव लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. खाली त्यांची ती ओळ जशीच्या तशी उतरवली, इमारतीसकट. आणि शेवटी लिहिलं, झहराबी, दार तुमचं चुकलं नव्हतं. ओळ मी गाळली होती.

लाल पेन्सिल डब्यातच होती. पत्र एकदा वाचलं, लिफाफ्यात घातलं आणि पेन्सिल न काढता डब्याचं झाकण लावलं.