पदर तपासून घेतलेली परीक्षा

कळंब्याच्या रस्त्यावर मी स्कूटरवरून पडले नसते, तर मी जादूगार झाले नसते. मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बोटांवरून नाणं फिरवत जा, नाहीतर पोळ्या लाटताना त्रास होईल. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. मला पोळ्यांपेक्षा फळ्यावर नकाशा काढायची काळजी जास्त, म्हणून मी मन लावून नाणं फिरवू लागले. एक दिवस ते बोटांमागे असं काही लपलं, की समोर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याने विचारलं, “कुठं गेलं?” लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने माझ्या हाताकडे बघून काही विचारावं, हा अनुभव नवीन होता. मला नाद लागला.

मोबाईलवर व्हिडिओ बघून थोडंफार जमायला लागलं. मग कळलं, की आपल्या गावात जादूगारांचं मंडळसुद्धा आहे आणि ते दर रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या एका शाळेच्या वर्गात भरतं. मी गेले. आत बाकांवर पुरुषमंडळी पत्ते पिसत बसली होती. मंडळाचे चिटणीस वारणानगरला चित्रकलेचे शिक्षक, त्यांनी उठून अदबीने विचारलं, “आपण कुणाच्या मदतनीस?”

“कुणाच्या नाही. शिकायला आलेय.”

वर्गाच्या कोपऱ्यात बाई कापायची पेटी ठेवलेली होती. सगळ्यांनी आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पेटी जरा ल्हानच हाय आपली,” कुणीतरी हळहळून म्हणालं.

मंडळात प्रवेश मिळाला, पण कच्चा. पक्क्या सभासदत्वासाठी परीक्षा द्यावी लागे. संगीताच्या परीक्षांवरून त्यांनी प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी नावं ठेवली होती. आधी तोंडी, मग प्रात्यक्षिक. परीक्षक तिघे. पहिले अध्यक्ष, वीज मंडळातून निवृत्त झालेले. परीक्षेला उन्हाळ्यातही काळा कोट घालत आणि कुठलाही खेळ बघून “जुनं हाय” एवढंच म्हणत. दुसरे गुजरीतले एक सराफ. त्यांना सगळे अण्णा म्हणत. घरी कानडी, दुकानात मराठी आणि रागावले की दोन्ही. तिसरे चिटणीस.

या परीक्षेतली अडचण माझ्या लवकरच लक्षात आली. जादूचं काम समोरच्याला फसवणं. इथे समोर बसलेल्या तिघांनाही सगळे खेळ ठाऊक. फसले तर अब्रू जाणार, म्हणून कुणी फसायला तयार नाही. आणि फसवता आलं नाही तर परीक्षार्थी नापास. यावर मंडळाने जुना तोडगा काढला होता. प्रत्येक परीक्षेला एक ‘सामान्य प्रेक्षक’ हजर असे. त्याला आश्चर्य वाटलं तर खेळ जमला. हा सामान्य प्रेक्षक म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी. सगळे त्यांना वहिनी म्हणत. माहेर शाहूवाडीकडचं. मंडळ स्थापन झालं तेव्हापासून त्या बाजूच्या खुर्चीत बसून आश्चर्यचकित होत आल्या होत्या. तोच फुलांचा गुच्छ, तेच रिकाम्या पिशवीतलं अंडं. त्या वेळ आली की गालावर हात ठेवून “आगं बया!” म्हणत आणि पुन्हा वाती वळायला लागत.

माझ्या परीक्षेआधी कमिटीपुढे एक नवाच प्रश्न आला. नियम असा, की परीक्षार्थीच्या बाह्या दुमडलेल्या हव्यात आणि खिसे तपासलेले हवेत. साडीला खिसा नाही, पण पदर आहे, निऱ्या आहेत. त्यांत काय काय मावेल या विचाराने परीक्षक अस्वस्थ झाले.

“पदर म्हणजे गोडाऊनच की,” अण्णा म्हणाले.

“पण तपासणार कोण?” चिटणीसांनी विचारलं, आणि तिघेही खिडकीबाहेर बघू लागले.

मी म्हटलं, “ड्रेस घालून येते.” तर अध्यक्ष म्हणाले, “नको, नको. ओढणी आली की परत तोच घोळ.” शेवटी ते काम वहिनींवर सोपवलं गेलं.

परीक्षेच्या सकाळी वहिनींनी मला पडद्यामागे नेलं, पदर झटकल्यासारखा केला आणि विचारलं, “साडी इचलकरंजीची काय?” मी हो म्हटलं. “चांगली हाय,” त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन त्यांनी जाहीर केलं, “काय न्हाय ओ. नुस्ता पदर हाय.”

तोंडी परीक्षेत अध्यक्षांनी विचारलं, “उत्तम जादूगार कुणाला म्हणावं?” पाठ केलेलं उत्तर मी दिलं: जो आपलं रहस्य जिवात जीव असेपर्यंत कुणालाही सांगत नाही, त्याला. तिघांनी माना डोलावल्या.

प्रात्यक्षिकासाठी मी अंगठीचा खेळ निवडला होता. प्रेक्षकाची अंगठी घ्यायची, रुमालात गुंडाळायची, रुमाल झटकला की अंगठी गायब. मग एक लिंबू कापायचं, की आत अंगठी. हे कसं करतात ते सांगणं म्हणजे मंडळाच्या शपथेचा भंग. पण मोबाईलवर कुणीही शोधू शकतो, तेव्हा सांगते. रुमालाच्या दुमडीत एक साधी अंगठी आधीच शिवलेली असते. प्रेक्षक कापडावरून चाचपतो ती तीच. खरी अंगठी आपल्या मुठीतच राहते, आणि टेबलाआड आधीच चीर दिलेल्या लिंबात गुपचूप सरकवायची असते.

मी अण्णांकडे अंगठी मागितली. अण्णांनी पुष्कराजाची अंगठी मोठ्या कष्टाने बोटातून काढली. “गुरूचा खडा हाय. बोटातनं काढू नको म्हणून सांगिटलंय मला. तुमची परीक्षा हाय म्हणून देतोय, बाई. संभाळून.”

रुमाल झाला, चाचपणं झालं, झटकणंही झालं. अंगठी गायब. वहिनींनी “आगं बया!” म्हटलं. अध्यक्ष “जुनं हाय” म्हणाले. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. मग मी टेबलाआड हात नेला आणि मूठ उघडली, तर मूठ रिकामी.

अंगठी खरोखरच गायब झाली होती. मनगट मोडून जुळलेल्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत, त्यांतून ती कधीतरी निसटली असणार. खाली जाजम, त्यामुळे आवाजही नाही. मी निऱ्या हळूच झटकल्या. काही पडलं नाही. पायाने आजूबाजूला चाचपलं. काही लागलं नाही. भूगोलाच्या तासाला नकाशात एखादी नदी सापडली नाही तर मी मुलांना शोधायला लावते. इथे ती सोय नव्हती. हातांना पाठ झालेलं होतं म्हणून मी सुरी उचलली. एवढ्यात वहिनी उठल्या, परीक्षकांना पाण्याचे पेले देऊन परत जागेवर बसल्या. तेवढाच माझा वेळ गेला म्हणून मला बरं वाटलं. मग मी लिंबू कापलं. आत लिंबूच होतं.

अण्णा अर्धवट उठले आणि कानडीत काहीतरी पुटपुटले. चिटणीसांचं पेन थांबलं. मी लिंबाच्या दोन्ही फोडी हातात धरून उभी.

तेवढ्यात वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, “आवो, चष्मा पुसा की जरा. किती धुरकट झालाय. रुमाल हाय न्हवं खिशात?”

अध्यक्षांनी चिडून कोटाच्या खिशातला रुमाल ओढला. रुमालाबरोबर पुष्कराजाची अंगठी बाहेर आली, टेबलावर टणकन आपटली आणि गोल फिरत अण्णांच्या पुढ्यात जाऊन आडवी झाली.

मागच्या बाकावरचे सभासद उभे राहिले. कुणीतरी शिट्टी मारली. “आरं बापरे!” हे शब्द अण्णांच्या तोंडून निघाले आणि लगेच त्यांनी खोकल्याचं नाटक केलं. अध्यक्ष खिशात हात घालून तसेच बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना “जुनं हाय” म्हणणं सुचलं नाही.

“हे कसं केलंत?” चिटणीसांनी विचारलं.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. ते अक्षरशः खरं होतं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अध्यक्ष सावरून बसले. “बघा,” ते मागच्या बाकांना उद्देशून म्हणाले, “याला म्हणतात गोपनीयता. परीक्षकांनी इचारलं तरी सांगायचं न्हाय. शिका काहीतरी.” मी पुन्हा एकदा सांगितलं, की मला खरंच कळलेलं नाही, लिंबात यायला हवी होती. त्यावर अण्णा म्हणाले, “आता पुरे बाई, पटलं आम्हाला.” मी पहिल्या श्रेणीत पास झाले. शेऱ्यात चिटणीसांनी लिहिलं: ‘लिंबाची हुलकावणी अप्रतिम.’

पुढच्या आठवड्यात चिटणीसांचा फोन आला. नोंदीसाठी पद्धत थोडक्यात कळली तर बरं, म्हणाले. मी म्हटलं, मला कळली की सांगते. ते हसले आणि “कळलं, कळलं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. अण्णांनी गुजरीत भेटल्यावर दुकानात बसवून चहा पाजला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, “अंगठी माझी व्हती. मालकाला कळाया पायजे का न्हाय?” अध्यक्षांनी मात्र मला काही विचारलं नाही. रविवारी ते सगळ्यांना सांगत, “अंगठी खिशात पडताना मला कळलं व्हतं. मुद्दाम गप बसलो. नवीन मान्साचा उत्साह मोडू नये.”

मला झोप नव्हती. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण तेव्हा जरा बसायला लागला होता.

अखेर कपिलतीर्थ मंडईत वहिनी भेटल्या. मेथीच्या जुड्या उलटसुलट करत त्या म्हणाल्या, “काय मग, पास झालासा न्हवं?”

“वहिनी, देवाशप्पथ सांगते, मला माहीत नाही ती तिथं कशी गेली.”

“तुमाला कसं माहीत असंल? मी टाकली.”

“तुम्ही? कधी?” मी विचारलं.

“गडगडत माझ्या पायाशी आली की. मी वर पाय ठेवलो, कुणाला दिसाया नको म्हणून. म्हटलं, बाई काढतील कायतरी वाट. पर तुमचं त्वांड बघवंना. मग पाणी द्यायच्या निमतानं उठलो आन् टाकली ह्यांच्या खिशात.” आमच्याकडे बायकाही ‘ठेवलो, उठलो’च म्हणतात. “खिसा मीच शिवलाय, त्यामुळं अंदाज व्हता.”

मी विचारलं, अध्यक्षसाहेबांना सांगितलंत का?

वहिनी पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. “लगीन नवं व्हतं तवा मी इचारलं व्हतं, रिकाम्या पिशवीतनं अंडं कसं येतंय म्हणून. तर म्हणाले, जादूगार बायकूलाबी सांगत न्हाय. आजपातूर सांगिटलं न्हाय. आन् आता रोज चहा पिताना इचारतात, तू शेजारीच बसलीवतीस, काय दिसलं काय? मी म्हणतो, मी सामान्य प्रेक्षक. मला काय कळतंय?”

ते ऐकून मीही हसले, पण नंतर रिक्षात बसल्यावर मला त्या खुर्चीतली इतकी वर्षं आठवून थोडं वाईट वाटलं. त्यांना मात्र वाईट वाटत असल्याचं काही दिसलं नव्हतं. भाव न करता त्यांनी दोन जुड्या घेतल्या आणि माझ्या पिशवीत एक टाकली.

मंडळाची वार्षिक स्पर्धा जवळ आली, तशी अंगठीचा खेळ रंगमंचावर झालाच पाहिजे अशी सगळ्यांची मागणी आली. मी एकटी तो करू शकत नव्हते हे मला आणि वहिनींनाच माहीत. मी कमिटीला सांगितलं, मला मदतनीस म्हणून वहिनी पाहिजेत. यावर मोठा खल झाला. सामान्य प्रेक्षक हा मंचावर गेला तर सामान्य राहील का? आणि नाही राहिला, तर पुढच्या परीक्षांत आश्चर्य कुणाला वाटणार? शेवटी ठरलं, की मंचावर यायचं तर वहिनींनी प्रवेशिका द्यावी. पदर मी तपासला.

अध्यक्षांनी आपल्या बायकोला तोंडी प्रश्न विचारला, “उत्तम जादूगार कुणाला म्हणावं?”

“जे घरात सांगत न्हाय त्याला,” वहिनी म्हणाल्या. अण्णांना हसू आवरेना. अध्यक्षांनी पूर्ण गुण दिले. न देऊन घरी तोंड कसं दाखवणार?

स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस कबुतरं काढणाऱ्या सांगलीच्या जादूगाराला गेलं. आमचा खेळ चालू असताना मागच्या रांगेतला एक फेटेवाला “बाई, म्हातारीच्या हातात हाय ती!” असं सारखा ओरडत होता. वहिनींनी त्याला मंचावर बोलावलं, दोन्ही हात उघडून दाखवले आणि अंगठी त्याच्याच फेट्यातून काढली. ती तिथे केव्हा गेली हे मलाही दिसलं नव्हतं, आणि त्यांनी ते मला अजून सांगितलेलं नाही.

आता रविवारी दुपारी आमचा सराव वहिनींच्या स्वयंपाकघरात चालतो. तेवढा वेळ अध्यक्षांना बाहेर सोप्यात बसावं लागतं. त्यांना चहा हवा असला की ते आधी मोठ्याने खोकतात, मग दारावर टकटक करतात आणि वहिनींनी “या” म्हटल्याशिवाय आत येत नाहीत.