भरतीचा रकाना

रेवदंड्याजवळच्या एका रिसॉर्टवर एका परदेशी संस्थेची मंडळी आठवडाभर उतरली होती. दूरच्या कुठल्याशा बेटांच्या देशात निवडणूक व्हायची होती आणि ती तिथल्या लोकांना खरी वाटावी म्हणून बाहेरून काय मदत द्यायची, याचा आराखडा ठरत होता. पेट्या, शाई, निरीक्षक, प्रशिक्षण. मला बोलावलं ते माझ्या लाँचीसाठी. खाडीपलीकडच्या केंद्रांवर कर्मचारी आणि मतदानाचं सामान पोचवायचं काम मी वीस वर्षं करतोय. ते कसं चालतं हे त्यांना पाण्यावर बघायचं होतं.

मी मिठागरावर फावडं मारत मोठा झालो. नंतर एक जुना टेम्पो, मग ट्रक, मग लाँच. कुणी हात धरून वर आणलं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालायला दिला तेव्हा डोकं फिरलं. बाकी सगळ्यांच्या पट्ट्यावर नावं होती, माझ्या पट्ट्यावर नुसतं ‘वाहतूक’. जेवणही ड्रायव्हर लोकांबरोबर, मागच्या पत्र्याखाली.

तिसऱ्या दिवशी लाँचीची फेरी झाल्यावर मला हॉलमध्ये नेलं. भिंतीवर वेळापत्रक लावलेलं होतं. मतदान पाचला संपणार, सहापर्यंत पेट्या सील, साडेसहाला बोट सुटणार, आठला मोजणीच्या जागी. सगळे रंगीत चौकोन. मी भरती-ओहोटीचा रकाना शोधला. नव्हताच. शेजारी त्या बेटांवरच्या एका धक्क्याचा फोटो होता. खांब माणसाच्या डोक्यावरपर्यंत काळे आणि खाली चिखलात कलंडलेली होडी. आमच्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही ओळखेल की तिथलं पाणी ओहोटीला पार आत ओढलं जातं.

मला ते फार महागात जाऊन कळलेलं. आमच्याकडे अमावास्या-पुनवेला संध्याकाळी सहाच्या सुमाराला खाडी कोरडी पडते. माझ्या पहिल्या निवडणुकीत मी घड्याळ बघून निघालो आणि पेटीसकट चिखलात रुतलो. पाणी परत येईपर्यंत अख्खा गाव काठावर उभा. पेटीला कुणी बोट लावलं नाही, तरी हरलेला उमेदवार वर्षभर सांगत फिरला की चिखलातच बदलली. लोकांना ते पटलंही. उशिरा आलेली पेटी कुणाला खरी वाटत नाही. तेव्हापासून मी आधी तिथी बघतो आणि दोन्ही उमेदवारांची माणसं पेटीबरोबर बोटीत बसवतो.

हे सगळं मी तिथं दोन वाक्यांत सांगू शकलो असतो. पण माणगावच्या बाजारात मी एक शिकलोय, सौदा ठरल्याशिवाय गोणीचं तोंड सोडायचं नाही.

दुभाष्याचं काम दिल्लीहून आलेली एक मॅडम करत होती, मूळची साताऱ्याची. तिला म्हटलं, “मॅडम, या कागदात एक भोक हाय. साहेबांना सांगा, मला तिकडं न्या. तिथं दाखवतो.”

तिने सांगितलं. उन्हाने नाक सोललेला गोरा साहेब हसून काही बोलला. तिकडची वाहतूक तिकडचेच लोक बघणार, बाहेरच्या माणसाची त्यात तरतूद नाही, असं तिने मला मऊ करून ऐकवलं. टेबलाभोवतीची दोघं-तिघं कागदात बघून हसली. धंदा मागायला आलाय, एवढंच त्यांना दिसलं.

“शेठ, भोक कुठं आहे तेवढं सांगा ना,” ती म्हणाली.

“फुकट वाटायला तो काय सत्यनारायणाचा प्रसाद हाय?”

संध्याकाळी ती एकटीच धक्क्यावर आली. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, तिकडं जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घाला, मग सांगतो. ते माझ्या हातात नाही, म्हणाली. “मग तुमच्या हातात हाय तरी काय?” मी विचारलं. ती हॉलकडे परत गेली. ते बोलताना मला फार बरं वाटलं होतं.

घरी बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “भोक हाय एवढं सांगितलंत नि बूच खिशात घालून आलात.”

चार-पाच महिन्यांनी मॅडमचा फोन आला. एका बेटावरच्या पेट्या चिखलात अडकल्या, दुसऱ्या दिवशी पोचल्या. हरलेल्यांनी बदलल्या म्हणून ओरड केली, दंगा नको म्हणून त्या बेटाची सगळी मतं रद्द झाली. बायका लेकरं काखेत घेऊन सकाळपासून रांगेत उभ्या होत्या, ती म्हणाली. मग विचारलं, “शेठ, हेच होतं का ते?”

“हेच.”

“मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला.”

मी पट्ट्याचं बोललो, पत्र्याखालच्या जेवणाचं बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

नंतर तिने त्या सगळ्या मदतीचा इंग्रजी अहवाल पाठवला. म्हसळ्याला कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मुलीने तो वाचून दाखवला. त्यात माझ्यावर एक ओळ होती: अनुभवी स्थानिक वाहतूकदाराशी चर्चा केली, त्याने कोणताही ठोस धोका सांगितला नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी भरल्या हॉलमध्ये सांगितलं होतं की भोक आहे. मुलीला म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्यांना पत्र लिही, ही ओळ खोटी आहे.

तिने दोन ओळी लिहिल्या आणि थांबली.

“बाबा, भोक कोणतं ते सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलं तर काय लिहू?”

मी तिच्यावर खेकसलो. पत्र तिथंच राहिलं.