खरवडलेली रेघ

"पानी कुठवर आलं?" दादानं मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. वैशाखाचं ऊन भाजून काढत होतं, वैनगंगेच्या पात्रात टरबुजांच्या वाड्या लागल्या होत्या, आणि हा नागपूरच्या दवाखान्यात पडल्या पडल्या मला पाण्याचं विचारत होता. मी वैतागले. म्हटलं, "दादा, नदीत रेतीच रेती हाय. तू झोप बरं मुकाट्यानं." तो हसला नाही. "मायले सांग, गाठोडं बांधून ठेव म्हनाव," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी अड्याळला सासरी परतले, आणि थोड्याच दिवसांत घरासमोरच्या किराणा दुकानात ट्रंककॉल आला. दुकानदार फोन ठेवून, गिऱ्हाईक सोडून स्वतः माझ्या दाराशी आला... तेव्हाच मला कळलं.

माझा थोरला भाऊ वसंता हा आमच्या भंडाऱ्याच्या गल्लीतला विलायत पाहिलेला एकमेव माणूस. नागपूरच्या कारखान्यानं त्याला यंत्रं जुळवायचं काम शिकायला पश्चिम जर्मनीत पाठवलं होतं. त्या गावाचं नाव आमच्यापैकी कोणालाच धड म्हणता आलं नाही, म्हणून घरात ते 'वसंताचं गाव' झालं. परत आल्यावर तो त्या गावाबद्दल इतका बोलायचा, की आम्हांला तिथल्या गल्ल्या पाठ झाल्या. ना मोठं शहर, ना खेडं, आपल्या भंडाऱ्याएवढंच. नदी गावाला वळसा घालून जाते. एका काठावर द्राक्षांचे मळे टेकडीवर चढत गेलेले, दुसऱ्या काठावर कारखान्यांची धुराडी. जुना दगडी पूल, त्यावर त्यांच्या संतांचे पुतळे, आणि पुलाखालून कोळसा न् रेती भरलेल्या लांबच लांब नावा सावकाश जातात. चौकात बाजार भरतो, तिथं भाजीवाल्या बायका डोक्याला रुमाल बांधून बसतात, आणि देवळाचं घड्याळ दर पावघंट्याला वाजून माणसाचा जीव खातं. शनिवारी जो तो आपापल्या दारासमोरचा रस्ता झाडतो, मग तो कितीही मोठा साहेब असो. आईला यातलं झाडणं तेवढं पटलं होतं.

पण दादा सांगता सांगता नेहमी एकाच जागी येऊन थांबायचा. गावाच्या जुन्या वेशीच्या दगडावर रेघा कोरलेल्या होत्या, एकीवर एक, प्रत्येकीपाशी साल. कोणत्या साली नदीचं पाणी कुठवर चढलं, त्याच्या त्या खुणा. सगळ्यांत वरची रेघ दादाच्या डोक्याच्याही वर होती. तो ज्या म्हातारीकडे भाड्यानं राहायचा, ती बाजारातून येताना रोज त्या रेघांकडे पाहायची. वरच्या मुलखात पाऊस झाला असं रेडिओवर ऐकलं, की इथं लख्ख ऊन असलं तरी ती तळघरातले बटाटे वरच्या मजल्यावर न्यायला लागायची आणि दादालाही पोती उचलायला लावायची. आईनं एकदा विचारलं, "तिथल्या बाया नदीची ओटी भरतेत का रे?" दादा म्हणाला, "नाही माय. ते नदीले भेतेत." आई म्हणाली, "भेतेत तं ओटी काहून नाही भरत?"

तो परत आला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी शिरलं. कमरेएवढं चढलं आणि उतरलं, सारे सुखरूप राहिले. दादानं काय करावं? शेजारच्या पितळी भांडी घडवणाऱ्याकडून छिन्नी मागून आणली आणि दाराजवळच्या भिंतीवर, चिखलाचा डाग होता तिथं, एक सरळ रेघ कोरली. खाली साल घातलं. गल्लीनं आधी टिंगल केली, इतक्या दूर जाऊन हेच शिकून आला म्हणून. मग शेजारच्या गिरजामावशीनं हट्ट धरला, "वसंता, माह्याही घरी काढून दे ना बापा." गिरजामावशी एकटी राहायची. तिच्या घरी रेघ निघाली, मग पलीकडच्या घरी, मग साऱ्या गल्लीत. दादा हरखून गेला होता. त्याला वाटलं, आपण ते गाव थोडंसं इथं आणलं.

झालं भलतंच. पुढची काही वर्षं पाणी आलं ते उंबऱ्यापर्यंत, आणि परत गेलं. रेघेपर्यंत एकदाही पोचलं नाही. गल्लीचा समज पक्का झाला, की वसंतानं नदीला हद्द घालून दिली. श्रावणात आई त्या रेघेला हळदकुंकू लावायला लागली. गिरजामावशीनं तर रेघेखाली कोनाडा करून दिवा ठेवला. दादा सुट्टीला आला, ते पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "माय, हे हद्द नोहे. पानी इथवर आलं होतं, एवढंच सांगते हे. उद्या याच्याही वर येईन." आई म्हणाली, "अशुभ बोलू नको. तूनंच तं आखली." त्या दिवसापासून दादाला घोर लागला. पावसाळा आला की तो नागपुराहून दर रविवारी एसटीनं यायचा, नदी पाहायचा, भिंत पाहायचा, आणि जेवण अर्धवट टाकून परत जायचा. आम्ही त्याला चिडवायचो, नदीचा जावई म्हणायचो.

मग ती राखी आली. मी माहेरी आले होते, दादाही आला होता. पावसानं कित्येक दिवस उघडीप दिली नव्हती. सकाळी राखी बांधली, ओवाळलं, आणि तबक खाली ठेवेस्तोवर गल्लीत पाणी आलं. दादा ताबडतोब उठला. "चाला. वरच्या शाळेत जाऊ." आई चुलीपुढून हललीच नाही. "रेघ हाय ना. तिथंच थांबते पानी." दादा गल्लीत गेला, दारादारावर ओरडला. काही तरणी माणसं निघाली, पण म्हातारे त्याचीच रेघ दाखवून त्यालाच समजावत होते. गिरजामावशी म्हणाली, "तू कायले भेऊन राहिला, वसंता? तुह्याच हातची हाय."

पाणी घोट्याचं गुडघ्याला आलं. आईला ओढावं तर ती खांब धरून बसलेली. दादानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातलं खुरपं उचललं आणि भिंतीवरची रेघ खरवडायला लागला. कुंकू, चुना, माती, सारं पाण्यात पडत होतं. तो रडत होता आणि खरवडत होता. "आता नाही रेघ, माय. आता कुठंही येईन पानी." आईनं पाहिलं... आणि खांब सोडला. माझा हात धरून बाहेर निघाली.

आम्हांला शाळेच्या ओट्यावर पोचवून तो खुरपं घेऊन परत फिरला, गिरजामावशीची रेघ खरवडायला. आम्ही वाट पाहत बसलो. गल्लीत पाणी छातीला लागलं, पुढं घरांची दारं दिसेनात, आणि दादाचा पत्ता नाही. आई तोंडानं काही पुटपुटत होती, ती देवाचं नाव घेत होती की दादाचं, मला कळलं नाही. फार वेळानं दोघा माणसांनी त्याला धरून आणलं. खुरपं हातात तसंच होतं. गल्लीच्या तोंडाशीच धारेनं त्याला मागं ढकललं होतं. मावशीच्या दारापर्यंत तो पोचलाच नाही. पाणी उतरल्यावर मावशी घरातच सापडली.

कोणी त्याला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. 'वसंताचं गाव' हा विषय त्यानं परत कधी काढला नाही. भिंतीवर नवी रेघही काढली नाही. लोकांनी सांगितलं, पाणी कुठवर आलं होतं ते कोरून ठेव म्हणून. तो म्हणायचा, "सांगू नका मले." त्याचं येणं मात्र चुकलं नाही. पाऊस असो-नसो, यायचा आणि आईला गाठोडं बांधायला लावायचा. आई चिडायची, तो गेला की गाठोडं सोडून लुगडी परत पेटीत ठेवायची. त्याच्या काळजीनंच त्याला खाल्लं. डॉक्टर काहीही म्हणोत, मी हेच म्हणणार.

परवा मी भंडाऱ्याला गेले. आषाढाची झड लागली आहे. दादाच्या तेराव्यानंतर घर रंगवून घेतलं, पण दाराजवळचा तो खरवडलेला खड्डा आईनं रंगाऱ्याला बुजू दिला नाही. मी पाय धुऊन आत शिरले तर त्या खड्ड्याला ताजं कुंकू लावलेलं. मला रागच आला. म्हटलं, "माय, परत तेच?" आईनं खाली बोट दाखवलं. खड्ड्याखाली, भिंतीला टेकवून, दोन लुगडी, तांदळाची पिशवी आणि चपला एका गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या. गाठ जुनी झाली होती, म्हणजे बरेच दिवस सोडलं नव्हतं. मी जवळ बसले तशी ती हळूच म्हणाली, "आता तो येत नाही ना, शकुन. मलेच पाहा लागते."